हरळीची बांधी

आमच्या घरासमोरचं गवत पिवळं पडायला लागलं तेव्हा माझ्या लग्नाला दोन वर्षं झाली होती, आणि त्या दोन वर्षांत मी सासऱ्यांशी एक अक्षर बोलले नव्हते. भांडण वगैरे काही नाही. रीतच तशी होती. सुनेनं सासऱ्याशी बोलायचं नाही, ते समोर आले की पदर ओढून भिंतीला लागायचं, आणि ते असतील तिथं बसायचं तर नाहीच नाही. मी नागपूरची, सरकारी कचेरीतल्या हेडक्लार्कची मुलगी, मॅट्रिक झालेली, बापाशी वाद घालत वाढलेली. लग्न करून गोंदियाजवळ कामठ्याला आले आणि माझ्या तोंडाला कुलूप लागलं.

काही सांगायचंच असलं तर मध्ये सासूबाई. म्हणजे असं की सासरे ओसरीवर बसलेले, मी दाराच्या आत उभी, दोघांमध्ये फार तर पाच हातांचं अंतर. तरी मी सासूबाईंना म्हणायचं, "आत्याबाई, मामाजींना सांगा, जेवण झालं आहे." मग सासूबाईंनी वळून म्हणायचं, "आयकलंत का, जेवाले उठा." मग ते सासूबाईंना म्हणणार, "तिले सांग, येतो." आणि सासूबाई मला, "येतो म्हनते." तेवढ्यात भात निवून जायचा. बरं, सासूबाई नुसत्या टपालवाल्या असत्या तर चाललं असतं. पण त्या पत्र फोडून, नको ते खोडून, हवं ते घालून मग पुढे द्यायच्या. मी म्हटलं, "आज वरणात मीठ कमी पडलं, चूक झाली माझी," तर पुढे जायचं, "सून म्हनते, म्हातारपनी मीठ कमीच खावं." सासऱ्यांच्या कानावर माझं मूळ बोलणंही गेलेलं असायचं, पण रीतीप्रमाणे खरं धरायचं ते सासूबाईंचं. मग ते दोन दिवस गुरकावत फिरायचे आणि मी आत बसून दातओठ खायची.

आता मला काय हवं होतं ते आधी सांगते, नाहीतर पुढचं सगळं येडेपणाचं वाटेल. मला बसायला जागा हवी होती. बस्स, एवढंच. घर काही लहान नव्हतं. पण ओसरी माणसांची, माजघर सासूबाईंचं, मागचं अंगण गाईंचं, कोंबड्यांचं आणि शेणाचं. आकाश पाहायचं तर गोवऱ्या थापता थापता पाहायचं. नागपूरला आमच्या सरकारी क्वार्टरपुढे चार खाटा मावतील एवढं हिरवं गवत होतं. बाबा त्याला मोठ्या तोऱ्यात लॉन म्हणायचे. रोज संध्याकाळी आम्ही बापलेक तिथं पाय पसरून बसायचो, ते पेपर वाचायचे आणि मी त्यांना शहाणपण शिकवायची. लग्नानंतरचं पहिलं वर्ष मी त्या गवतासाठी रडले. नवऱ्याला वाटायचं, आईची आठवण येते. मीही तसंच वाटू दिलं, कारण गवतासाठी रडते म्हटलं असतं तर मांत्रिक आला असता.

दुसऱ्या वर्षी मात्र धीर केला. आमच्या घरासमोर मोठी मोकळी जागा होती. तिथं दरवर्षी दिवाळीनंतर खळं व्हायचं. धानाचे भारे आणून रचायचे, बैल फिरवून चुरायचे, सुपानं उडवायचे. ते दोन-तीन महिने सोडले तर वर्षभर तिथं नुसत्या कोंबड्या उकरत बसायच्या. दुपारी माणसं शेतात गेली की समोर चिटपाखरू नसे. तेवढे दोन तास मला मिळाले, आणि खाली गवत असलं, तर मी जगेन असं मला वाटलं. आधी नवऱ्याला म्हटलं. आमचे हे रोज सायकलीनं गोंदियाला धान्याच्या दुकानात जात, तिथं दिवसभर हिंदीत घासाघीस करत आणि घरी आल्यावर कोणत्याच भाषेत काही बोलत नसत. ते म्हणाले, "बाबूजीला मी नाही विचारत." मग मी दाराआडून सासूबाईंना सांगितलं.

ओसरीवरून सासऱ्यांचा आवाज आला, "गवत? कायले? बैलायसाठी?"

"बसासाठी म्हनते," सासूबाई म्हणाल्या. हे मात्र त्यांनी जसंच्या तसं दिलं, कारण त्यांना स्वतःलाच ते खरं वाटत नव्हतं.

सासऱ्यांनी विचारलं, "कोनतं गवत?" मी म्हटलं, हरळी. आणि बाप्पा, ओसरीवर जो हशा पिकला! शेजारचे दोन म्हातारे बसले होते, ते तर खोकायलाच लागले. त्यांचंही बरोबर होतं म्हणा. धानाच्या बांधीत, म्हणजे बांध घातलेल्या वावरात, हरळी घुसली की तिला उपटता उपटता माणसाची कंबर मोडते. सात पिढ्या त्या हरळीचा निर्वंश करण्यात गेल्या, आणि आता नागपूरची सून म्हणते, ती मुद्दाम लावा. पण हसून झाल्यावर सासरे म्हणाले, "लावू दे तिले. दिवाळीपावतर पाहू. हिर्वा रायला तर रायला. पिवरा झाला का खळं तिथंच." सासूबाईंनी मला फक्त शेवटचं वाक्य सांगितलं.

आषाढात धानाची रोवणी आटोपल्यावर सासऱ्यांनी त्याच रोवणाऱ्या बायांना एक दिवस लावून दिलं. त्यांनी तलावाच्या पाळीवरून हरळी खणून आणली आणि धानाच्या रोपांचे पऱ्हे रोवावे तशी ओळीनं, वाकून, मागे मागे सरकत रोवली. सवयीनं गाणंही लावलं, आणि मध्येच कुणाला तरी आपण काय रोवतोय ते आठवायचं की सगळ्या चिखलात बसून हसायच्या. हसोत बापड्या. पोळा येईपर्यंत माझी हरळी अशी भरली की जमीन दिसेना. दुपारी माणसं शेतात गेली, सासूबाई आडव्या झाल्या, की मी समोरचं दार लोटून बाहेर जायची, डोक्यावरचा पदर खाली घ्यायची आणि पाय पसरून बसायची. काही करायची नाही. कधी बाबांचं पत्र चौथ्यांदा वाचायची. ते दोन तास मी कुणाची सून नव्हते. सुख म्हणतात ते तेच असावं, मला तरी दुसरं माहीत नाही.

भाद्रपद संपता संपता पाऊस गेला, ऊन चटके द्यायला लागलं आणि एका कोपऱ्यात गवताची टोकं फिकट झाली. जेमतेम परातीएवढी जागा. सासूबाईंची नजर पहिली गेली. कमरेवर हात ठेवून त्यांनी निदान केलं, "पिकलं वो बाई तुजं गवत. कापून घे."

मी म्हटलं, "आत्याबाई, गवत पिकत नाही."

"पिवरा झाला म्हंजे पिकला," त्या म्हणाल्या. त्यांच्या अख्ख्या आयुष्यात पिवळं पडणं ही आनंदाची गोष्ट होती, त्याला त्या तरी काय करणार.

पण त्याच संध्याकाळी ओसरीवरून सासऱ्यांचं वाक्य आलं, "पिवरा होऊन राहिला. खळ्याचा पाहा लागंल." आणि माझं डोकं फिरलं. माझा राग म्हणजे चुलीवरचं दूध, आता नव्हतं आणि आता भांड्याबाहेर. मी दाराच्या आतून, सासूबाईंकडे तोंड करून, पण गावाच्या पाटलालाही ऐकू जाईल अशा आवाजात म्हटलं, "सांगा त्यांना, इथं खळं झालं ना, तर मी नागपूरला निघून जाईन. आणि परत यायची नाही. न्यायला आले तरी यायची नाही."

सासूबाईंचं तोंड उघडं पडलं. मग त्यांनी गिळलं, वळल्या आणि अगदी गोड आवाजात म्हणाल्या, "सून म्हनते, दिवाळीले चार दिवस माहेरी जाईन म्हनते."

"बरं," सासरे म्हणाले आणि उठून गोठ्याकडे गेले. मी आत जाऊन ट्रंक बाहेर काढली, दोन लुगडी आत टाकली आणि झाकण जोरात आपटलं. मी थट्टा करत नव्हते. खरंच जाणार होते.

दोन-तीन दिवसांनी दुपारी बाहेर गेले तर गवताच्या चारी बाजूंनी चार बोटं उंचीचा मातीचा बांध घातलेला. नीट थापलेला, कोपरे साधलेले. दिवाळीला अजून महिना आहे आणि म्हाताऱ्यानं खळ्याची आखणीसुद्धा करून टाकली! माझ्या अंगाची लाही लाही झाली. देवानं मला कसलं हे माणूस सासरा म्हणून दिलं, एवढा कसला आकस, असं मी बांधावर उभी राहून मोठ्यानं म्हटलं. ऐकायला एक कोंबडी होती.

त्यानंतर गवत झपाट्यानं पिवळं पडायला लागलं. परातीएवढं होतं ते चटईएवढं झालं, मग खाटेएवढं. मी घाबरले आणि घाबरलेलं माणूस जे करतं तेच केलं, रोज दुपारी विहिरीच्या दोन बादल्या जास्त ओतायला लागले. सासूबाईंनी पिकल्याचं निदान सोडून दिलं आणि म्हणाल्या, नजर लागली. एका काठीला काळं मडकं पालथं घालून गवतात मधोमध रोवलं, त्याला चुन्यानं डोळे काढले. आता मी बसले की ते मडकं माझ्याकडे बघायचं. नवऱ्याला विचारलं, तर ते जोडे काढता काढता म्हणाले, "पडलं असेल पिवळं. पडते कधी कधी." हे निदान दिल्याबद्दल मी त्यांना त्या रात्री शिळी भाकर वाढली.

मग एक दिवस ग्रामसेवक आला. त्या काळी ही माणसं नवीन नवीन निघाली होती. खाकी पँट, बगलेत वही, बोलणं हिंदी. तो आला होता धान पाहायला, सासूबाईंनी त्याला गवत दाखवलं. त्यानं वाकून पाहिलं, एक पान तोडून दातांत धरलं आणि म्हणाला, "खाद की कमी है, बाई. डालो, आठ दिन में हरा हो जाएगा." पिशवीतून पांढरं मिठासारखं काहीतरी काढून पसाभर देऊन गेला. मी ते साखर पेरावी तसं पेरलं. आठ दिवसांनी जिथं जिथं ते पडलं होतं तिथं तिथं गवत पिवळ्याचं तपकिरी झालं. करायला गेले गणपती आणि झालं माकड. त्या बिचाऱ्याचा दोष नव्हता, त्यानं वरचं पाहून सांगितलं. खाली काय चाललं होतं ते आम्हां कुणालाच माहीत नव्हतं.

शेवटी बाबांना पत्र लिहिलं. चार पानं लिहिली, त्यातली तीन सासऱ्यांवर. बाबांचं उत्तर एका कार्डावर आलं. सासऱ्यांविषयी अवाक्षर नाही. लिहिलं होतं, "वरून काय बघतेस? खालून बघ. खुरप्यानं वीतभर खण, माती हातात घे, वास घे आणि मला कळव."

मी त्याच दुपारी खुरपं घेऊन बसले. वरची माती नुसती ओलसर. दोन बोटं खाली गेले तर चिखल. चार बोटं खाली नुसता काळा राबडा, आणि त्याला सडक्या अंड्यासारखी घाण. हरळीची मुळं पांढरी असतात, ती काळी होऊन लिबलिबीत झालेली. ओढलं की हातात येत होती. आणि त्याच्याही खाली खुरपं टणकन आपटलं. तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. अहो, ती खळ्याची जागा! वर्षानुवर्षं तिथं बैल फिरलेले, चोपून चोपून, सारवून सारवून जमीन दगड केलेली. रोवणीसाठी वरची वीतभर खणली होती तेवढीच मऊ, खाली फरशी. पाणी खाली जायला वाटच नव्हती. गवत तहानेनं मरत नव्हतं, बुडून मरत होतं, आणि वरून मी मूर्ख रोज दोन बादल्या ओतत होते.

त्या दिवसापासून बादल्या बंद. चार दिवस थेंब घातला नाही. पाचव्या दिवशी उकरून पाहिलं तर तेवढाच चिखल. वर ऊन असं की लुगडी तासात वाळताहेत, पाऊस नाही, मी पाणी घालत नाही, तर हे येतं कुठून? आणि मग मला तो बांध दिसला. रोज दिसत होता, पण त्या दिवशी खरा दिसला. खळ्याला कुणी बांध घालतं का हो? बांध घालायचा तो पाणी अडवायला.

म्हणजे म्हातारा मुद्दाम करतोय! दिवाळीपर्यंत गवत मेलं पाहिजे म्हणून बुडवून मारतोय. माझी खात्रीच पटली. म्हटलं, आता रीत गेली चुलीत. रंगेहाथ धरते आणि तोंडावर सांगते, मग ट्रंक उचलते.

दुसऱ्या दिवशी कोंबडं आरवायच्या बेताला उठले आणि समोरच्या दाराची फळी किलकिली करून उभी राहिले. पूर्वेला नुकतं तांबडं फुटत होतं. घरामागे आमची बोडी होती, म्हणजे लहानसं तळं. तिच्यातलं पाणी एका पाटानं घराच्या कडेनं येऊन समोरच्या बांधीत धानाला जायचं. सासरे धोतर खोचून, खांद्यावर फावडं टाकून पाटाच्या कडेकडेनं आले. माझ्या गवतापाशी थांबले. पाटाला माती घालून धानाकडे जाणारं पाणी अडवलं आणि बांधात एका जागी लावलेली माती काढून वाट मोकळी केली. पाणी गवतात शिरलं; दुपारपर्यंत ते वरच्या मातीत जिरून जात असणार, म्हणून मला कधी दिसलं नव्हतं. आता निघते बाहेर, असं म्हणून मी पाऊल उचललं, तर ते खाली बसले. उकिडवे. पाण्यात हात घालून गवत असं बोटांनी विंचरलं, धानाचं विंचरतात तसं, आणि म्हणाले, "पी बाप्पा, पी. काऊन पिऊन नाई राहिला?"

उचललेलं पाऊल मी मागे घेतलं. म्हातारा मारत नव्हता. म्हातारा पाजत होता! जन्मभर एकच पीक ओळखीचं. त्या पिकाला बांध घालायचा, घोट्याइतकं पाणी उभं करायचं, पिवळं दिसलं की आणखी पाणी द्यायचं. धान हजार वर्षं असाच वाढला. हरळीला त्यांनी जन्मभर मारलं होतं, जगवायची कशी ते कुठून माहीत असणार?

मी दार उघडून बाहेर गेले. अनवाणी. पदर खांद्यावर होता, तो डोक्यावर घ्यायचं सुचलंच नाही. चार पावलांवर थांबले आणि म्हटलं, "मामाजी, पाणी बंद करा. ते मरून राहिलं."

सासरे असे दचकले की मागच्या मागे बांधावर बसले. मला वाटतं, त्यांनी मला अशी सरळ, समोरून, उघड्या डोक्यानं पहिल्यांदाच पाहिलं असेल. आधी मागे पाहिलं, सासूबाई आहेत का. नव्हत्या. मग जमिनीकडे बघत पुटपुटले, "पान्यानं कोनी मरते का?"

"हे मरते. हे धान नाही, मामाजी. ह्याला उभं पाणी चालत नाही. मुळं सडली, हे पाहा." मी खाली बसले, मूठभर उपटलं आणि त्यांच्या नाकाखाली धरलं. त्यांनी वास घेतला. शेतकरी माणूस, एका वासात सगळं समजले. तोंड उतरलं त्यांचं. गवताकडे पाहिलं, पाटाकडे पाहिलं, मग एकदम माझ्यावरच खेकसले, "मंग पयलेच काऊन नाई सांगतली?"

"कशी सांगू? तुमच्याशी बोलायचं नसते ना!"

"हौ," ते म्हणाले. "ते बी आहेच."

मग फावड्याच्या दांड्याशी उगाच चाळा करत त्यांनी विचारलं, "तू जातेस का मंग? नागपूरले?"

मी म्हटलं, "दिवाळीला चार दिवस जाईन. आत्याबाईंनी सांगितलं ना तुम्हाला."

"तिचा सांगनं सोड. मी आयकलो होतो. मी बहिरा आहो का?"

म्हणजे माझं ओरडणं त्यांनी ऐकलं होतं, आणि त्या दिवशी रीत बाजूला ठेवून खरं धरलं होतं ते माझं. बांध घातला होता तो त्यानंतरच. मी जाऊ नये म्हणून म्हातारा महिनाभर पहाटे उठून माझं गवत सडवत होता. मला तिथल्या तिथं रडू फुटलं, हसूही फुटलं, आणि दोन्ही एकदम आवरताना नाकातून असा काही आवाज आला की सासरे घाबरून उठले. "जात नाही," मी म्हटलं. "नाही जात हो मी."

"मंग बसून का राहिलीस? तो धुरा फोड तिकडचा." त्यांनी फावडं मारून एका बाजूचा बांध फोडला, मी दुसऱ्या बाजूचा हातांनी. साचलेलं पाणी बदाबदा समोरच्या बांधीत गेलं. तेवढ्यात सासूबाई दारात आल्या. सून उघड्या डोक्यानं, गुडघ्यापर्यंत लुगडं वर, सासऱ्यासमोर फतकल मारून चिखल उपसतेय आणि दोघं एकमेकांवर ओरडताहेत, हे पाहून त्यांनी छातीवर हात मारला. "अवो माय वो! हे का होऊन राहिलं?"

सासऱ्यांनी मानही वळवली नाही. "तू गप," ते म्हणाले. "मधात बोलू नको."

दिवाळीला गवत हिरवं झालं नव्हतं. अर्धं मेलं होतं, उरलेलं आजाऱ्यासारखं पिवळं, मध्ये मध्ये दोन-चार हिरवे कोंब. ठरल्याप्रमाणे जागा सासऱ्यांची होती. धान कापून झाला तसा नवऱ्यानं विचारलं, "बाबूजी, भारे कुठं टाकाचे?" सासरे म्हणाले, "मांगं." मागच्या अंगणात जागा इतकी थोडी की बैल वळवताना रोज एकदा तरी चुलीत पाय घालायचे. सासूबाई बोटं मोडायच्या. मी मात्र ऐटीत, आता सासऱ्यांशी सरळ बोलणारी सून. गावात त्याची चर्चा महिनाभर पुरली.

समोरच्या बांधीतला धान सगळ्यात शेवटी चुरला. उडवायला मी सूप घेऊन उभी राहिले. पहिलंच सूप वाऱ्यावर धरलं आणि अर्धं उडून गेलं. दाणे खाली पडेचनात. मी एक ओंजळ घेऊन चोळली. नुसती टरफलं, आत काही नाही. आमच्याकडे त्याला बदरा म्हणतात. दुसरं सूप धरलं, तेही तसंच. बाकीच्या बांध्यांचा धान टपोरा होता, पाऊस सगळ्यांवर सारखाच पडला होता.

सासरे पलीकडे बैलांना तणस घालत होते. मी विचारलं, "मामाजी, ह्याच बांधीत एवढा बदरा काऊन निघाला?"

त्यांनी तणसाची एक पेंढी सोडली, सारखी केली, परत बांधली. "पाऊस कमी झाला औंदा," ते म्हणाले.

आश्विनात धान निसवतो, लोंब्या बाहेर पडतात, दाणा भरायला लागतो, तेव्हाच त्याला शेवटचं पाणी लागतं. दोन वर्षांत एवढं मलाही कळलं होतं. बोडीत तेव्हा पाणी थोडंच उरलेलं असतं. त्या महिन्यात रोज पहाटे पाट अडवून ते पाणी कुठे गेलं होतं हे मला माहीत होतं, त्यांना माहीत होतं, आणि ज्या हातानं पाट अडवला त्या हाताला तेव्हाच माहीत होतं की समोरच्या धानाचं काय होणार आहे. तरी त्यांनी अडवला.

तोंडाचं कुलूप निघून जेमतेम दोन महिने झाले होते, पण मी खाली वाकून तिसरं सूप भरलं. ते वाऱ्यावर धरून उभी राहिले. बदरा उडून सगळा त्यांच्या अंगावर, मुंडाशावर, मिशांवर बसत होता. ते झटकत नव्हते.

"बाजूले हो जराशी," ते म्हणाले. "वारा तिकडून आहे."

मी बाजूला झाले.